रेवडी वाटलीच कुठे?

राजकारणी मतांसाठी खिरापत वाटतात, त्यात तिजोरी रिकामी होते आणि बिल शेवटी मध्यमवर्गाच्या माथी येतं, हे विधान आता इतकं रुळलंय की ते सिद्ध करायची गरजच कुणाला वाटत नाही. लोकलच्या डब्यापासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत ते सारख्याच खात्रीनं केलं जातं. १६ जुलै २०२२ रोजी बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी’ हा शब्द वापरला आणि जुन्या तक्रारीला चटपटीत नाव मिळालं. पुढे दोनच वर्षांनी महाराष्ट्रात त्यांच्या पक्षाच्या युतीनं आणि विरोधकांच्या आघाडीनं महिलांच्या खात्यात दरमहा किती टाकायचे याची चढाओढ लावली, तेव्हा रेवडीचे टीकाकार म्हणाले, बघा, आम्ही सांगत नव्हतो? माझं त्यांच्याशी भांडण इथंच आहे. ही मंडळी स्वतःला नेत्यांबद्दल कमालीची साशंक समजतात. प्रत्यक्षात नेत्याच्या शब्दावर त्यांच्याइतका भाबडा विश्वास दुसरं कुणी ठेवत नाही. नेता ‘देतो’ म्हणाला की यांच्या हिशेबात ते दिलं गेलेलं असतं. दिलं की नाही हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं, तो अर्थसंकल्प मात्र ते उघडून बघत नाहीत. बघितला तर तक्रार उलटी करावी लागेल. आपल्याकडची अडचण नेते फार वाटतात ही नाही. ते फार बोलतात आणि त्या बोलण्यापुरतीही तरतूद करत नाहीत. ही तफावत गैरसोयीची चूक म्हणून राहून गेलेली नसते, ती ठरलेल्या रीतींनी तयार केली जाते. त्या रीती ओळखता आल्या, तर रेवडीवरचा राग कुठल्या पत्त्यावर पाठवायचा तेही कळेल.

लाडकी बहीण योजनेपासूनच सुरुवात करू, कारण खिरापतीचं उदाहरण म्हणून पहिलं नाव तिचंच निघतं. २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री म्हणून अजित पवार यांनी ती जाहीर केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलेला दरमहा १,५०० रुपये, वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी. नोव्हेंबरच्या निवडणुकीत महायुतीच्या जाहीरनाम्यानं हाच आकडा २,१०० केला. महाविकास आघाडीनं ३,००० सांगितले. निकाल लागला, महायुती प्रचंड बहुमतानं आली, आणि १० मार्च २०२५ रोजी नव्या सरकारचा पहिला अर्थसंकल्प सादर झाला. त्यात २,१०० चा उल्लेख नव्हता. लाभार्थी सुमारे २ कोटी ५३ लाख असल्याचं सांगून योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद केली गेली. आता पेन्सिल घेऊन बसलं तर पाच मिनिटांचं काम आहे. एका महिलेचे वर्षाला १८ हजार. २ कोटी ५३ लाख महिलांचे होतात ४५ हजार ५४० कोटी. म्हणजे वाढीव २,१०० राहू द्या, आहे तेच दीड हजार आहे त्याच महिलांना द्यायचे तरी साडेनऊ हजार कोटी कमी पडतात. ३६ हजार कोटींत बरोबर २ कोटी महिलांचं भागतं. २,१०० द्यायचे असते तर ६३ हजार ७५६ कोटी लागले असते. (विरोधकांच्या ३,००० चा हिशेब याच संख्येवर केला तर ९१ हजार कोटी होतात. तो त्यांनीही मांडून दाखवला नव्हता, त्यामुळे या लेखात कुणी टाळ्या वाजवायचं कारण नाही.) पुरवणी मागण्यांतून पुढे भर घालता येते, हे खरं. पण कमी पडणार हे मांडतानाच ठाऊक असलेली रक्कम लिहायची, याचा अर्थ एवढाच होतो की लाभार्थी कमी होणार हे आकड्यानं आधीच गृहीत धरलं आहे.

आणि ते तसे कमी होऊ लागले. निकष पहिल्या शासन निर्णयापासून तिथेच होते: घरात चारचाकी नको, सरकारी नोकर नको, आयकर भरणारं कुणी नको. निवडणुकीआधी अर्ज भरून घेताना त्यांच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही, स्वयंघोषणेवर काम भागलं. निकालानंतर ते एकेक करून आठवले. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीच जाहीर केलं. त्यांत खरोखरच अपात्र असलेले होते, चौदा हजारांवर तर चक्क पुरुष निघाले, आणि त्यांना वगळलं याचं दुःख कुणी करू नये. पण जी छाननी पहिला हप्ता जाण्याआधी व्हायला हवी होती, ती मतमोजणीनंतर व्हावी, हा प्रशासनाचा गलथानपणा म्हणून सोडून देता येत नाही. सत्तेवर येण्याआधी योजना रुंद असते, नंतर ती अरुंद होते. रेवडीचे टीकाकार रुंद योजनेवर अग्रलेख लिहितात आणि ती अरुंद होते त्या महिन्यात दुसऱ्या विषयाकडे वळलेले असतात.

ते विचारतील, ३६ हजार कोटी तरी काय थोडे आहेत? थोडे नाहीत. दीड हजार रुपये ज्या घरात गेले तिथे औषध आलं, पोराची वही आली, नवऱ्यापुढे हात न पसरता सिलिंडर भरला गेला. त्याला खिरापत म्हणणाऱ्यानं एकदा महिनाअखेरीला कुठल्याही वस्तीतल्या वाण्याच्या उधारीच्या वहीवर नजर टाकावी. माझा प्रश्न वेगळा आहे: ते पैसे आले कुठून? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली की त्यांच्या खात्याचे सुमारे ४१० कोटी या योजनेकडे वळवले गेले. आदिवासी विकास विभागाचेही सुमारे ३३५ कोटी गेले. मंत्रिमंडळातल्याच सहकाऱ्याला आपल्या खात्याच्या पैशासाठी वर्तमानपत्रांकडे जावं लागतं, यावरून त्या खात्याची पत कळते. सरकारचा बचाव असा की लाभार्थ्यांत दलित आणि आदिवासी महिलाही आहेत, मग त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्याच निधीतून का करू नये? ऐकायला हे बरोबर वाटतं. पण आदिवासी उपयोजना १९७० च्या दशकात सुरू झाली आणि पाठोपाठ अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली, ती मुळी याचसाठी की सगळ्यांना मिळतं ते मिळूनही जे मागं राहतात त्यांच्यासाठी काही वेगळं व्हावं: वसतिगृह, शिष्यवृत्ती, पाड्यापर्यंतचा रस्ता. सगळ्यांना मिळणारे दीड हजार त्याच निधीतून दिले, तर आदिवासी बाईला ते तिच्या मुलीच्या वसतिगृहाच्या खर्चातून मिळाले. एका ताटातलं काढून त्याच माणसाच्या दुसऱ्या ताटात वाढायचं, आणि दोनदा वाढलं म्हणून सांगायचं. हा भाजपचा किंवा महायुतीचा खास शोध नाही. कर्नाटकात असा निधी राखून ठेवण्यासाठी २०१३ चा कायदा आहे, तरी तिथल्या काँग्रेस सरकारनं तो ‘गॅरंटी’ योजनांकडे वळवल्यावरून तीच ओरड झाली. महाराष्ट्रात तर तसा कायदाही नाही.

घोषणा आणि तरतूद यांच्यातली ही झाली पहिली रीत: मोठ्यानं द्यायचं, हळूच दुसरीकडून काढायचं. दुसरी रीत अधिक शांत आहे आणि माझ्या मते अधिक क्रूर. तिच्यात काहीच काढून घेतलं जात नाही. आकडा फक्त जागेवर ठेवला जातो. केंद्र सरकारनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा निराधार वृद्धाला केंद्राकडून दरमहा ७५ रुपये मिळत. २००६ मध्ये त्याचे २०० झाले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातही ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच होता. मधल्या काळात भाव अंदाजे तिप्पट झाले, म्हणजे २००६ च्या हिशेबानं आज त्या वृद्धाला सत्तर रुपयेही मिळत नाहीत; १९९५ मध्ये सुरुवात केली होती त्याहून ते कमीच भरतात. यूपीए आणि एनडीए दोघांचीही सरकारं या काळात येऊन गेली, वृद्धांचा सन्मान प्रत्येक जाहीरनाम्यात राहिला, आणि या संपूर्ण कार्यक्रमाची तरतूद २०२२-२३ पासून साडेनऊ हजार कोटींच्या आसपास ठाण मांडून बसली. दरवर्षी अर्थसंकल्पावर रात्रभर चर्चा करणाऱ्या आपल्या तज्ज्ञांत या ओळीवर बोट ठेवणारा विरळाच. वाढ नाही, कपात नाही, बातमी नाही.

महाराष्ट्रात केंद्राच्या या २०० मध्ये राज्य आपली भर घालतं, म्हणून श्रावणबाळ योजनेतल्या म्हाताऱ्याच्या खात्यात दीड हजार दिसतात. २०२३ पर्यंत ते हजारच होते. पण या योजनेच्या दारावर जो आकडा लिहिलेला आहे तो बघण्यासारखा आहे. संजय गांधी निराधार योजना १९८० ची, मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातली. तिच्यासाठी आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०२४ सालीही २१ हजार रुपये होती. वर्षाला. महिन्याचे साडेसतराशे, दिवसाचे सत्तावन्न. एवढ्या उत्पन्नात कुठलंही कुटुंब जगत नाही हे दाखला देणाऱ्या तलाठ्याला माहीत असतं, तहसीलदाराला माहीत असतं, अर्जदाराला तर असतंच. तरी सगळे मिळून तो खोटा आकडा गंभीर चेहऱ्यानं लिहितात, कारण तसं लिहिल्याशिवाय म्हातारीला पेन्शन नाही. आता लाडकी बहीण योजनेशी ताडून पाहा. तिथे मर्यादा अडीच लाख, म्हणजे बारापट, आणि रक्कम तीच दीड हजार. वय मात्र ६५ पर्यंत. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला लाखभर असलेली बाई चौसष्टाव्या वर्षी राज्याची लाडकी बहीण असते. पासष्ट ओलांडले की ती योजनेतून बाहेर पडते, आणि श्रावणबाळच्या दारात गेली तर एकवीस हजारांचा दाखला मागितला जातो. हातपाय चालायचे थांबतात त्या वयात सरकारला तिचं उत्पन्न जास्त वाटू लागतं. खिरापतच वाटायची असती तर या म्हातारीपासून सुरुवात झाली असती. तिच्यापर्यंत ती पोचली नाही याची टोचणी टीकाकारांनाही नसते, कारण वाटप झालंच असं ते धरून चालतात.

तिसरी रीत अटींची. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. सरकारी नोकरीतल्या स्त्रिया त्यातून वगळल्या. हक्क म्हणजे संसदेनं संमत केलेला, राजपत्रात छापलेला. तीन वर्षं त्यावर देशव्यापी योजनाच आली नाही. ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, नोटाबंदीचे पन्नास दिवस संपल्यावर, पंतप्रधानांनी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात गरोदर स्त्रियांना सहा हजार रुपये देण्याची घोषणा केली. जे कायद्यानं आधीच देणं होतं ते नववर्षाची भेट म्हणून आलं. बरं, आलं तर आलं. देशात वर्षाला सुमारे अडीच कोटी बाळं जन्मतात. प्रत्येकी सहा हजार म्हणजे १५ हजार कोटी, आणि त्यातला केंद्राचा साठ टक्के वाटा ९ हजार कोटी. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली २,७०० कोटींची. आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून येणार? मग मे २०१७ मध्ये योजनेचं अंतिम रूप आलं: पाच हजार रुपये, आणि फक्त पहिल्या बाळासाठी. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून मिळतील आणि ‘सरासरी’ सहा हजार होतील असं सांगितलं गेलं. कायद्यात सरासरी हा शब्द कुठेही नाही. पुढे २०२२ मध्ये दुसरं अपत्य मुलगी असेल तर तिच्यासाठी रक्कम मिळू लागली. म्हणजे दुसरा मुलगा झाला तर त्या बाळंतिणीला पौष्टिक खायची गरज नसते, असा काहीतरी वैद्यकीय शोध खात्याला लागलेला दिसतो. इथं लक्षात घ्यायचं ते असं की अटी आधी ठरल्या आणि पैसे नंतर मोजले, असं झालं नाही. रक्कम आधी ठरली. तिच्यात जेवढ्या बायका मावतील तेवढ्या अटी मग बेतल्या गेल्या.

‘विक्रमी तरतूद’ हे उत्तर आता यायलाच हवं, कारण मंत्री तेच देतात. अमुक खात्याला आजवरची सर्वाधिक रक्कम. रुपयांत मोजलं तर जवळजवळ प्रत्येक वर्षीची प्रत्येक तरतूद विक्रमी असते, जशी माझी-तुमची महिन्याची किराणा यादीही दरवर्षी विक्रमी असते. खरी गोष्ट पुढच्या रकान्यात असते. अर्थसंकल्पात प्रत्येक लेखाशीर्षासमोर चार आकडे छापलेले असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज, आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. बातमी होते ती शेवटच्या आकड्याची. जल जीवन मिशनचं बघा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, २०२४ पर्यंत ग्रामीण भारतातल्या प्रत्येक घरी नळाचं पाणी. २०२४-२५ साठी तरतूद होती ७० हजार १६३ कोटी. त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आला २२ हजार ६९४ कोटी. एक तृतीयांशाहूनही कमी. आणि ज्या भाषणात हा सुधारित अंदाज आला त्याच भाषणात मुदत २०२८ पर्यंत वाढवून २०२५-२६ साठी ६७ हजार कोटींची नवी मोठी तरतूद जाहीर झाली. ठळक अक्षरांत छापलं गेलं ते ६७ हजार. महाराष्ट्रात या योजनेची कामं केलेल्या कंत्राटदारांची बिलं थकली, टाक्या उभ्या राहिल्या आणि कित्येक गावांत त्यांत पाणी चढलं नाही, याचा संबंध त्या मधल्या रकान्याशी आहे हे गावकऱ्याला कुणी सांगितलं नाही. तो ग्रामसेवकाला शिव्या देत बसला.

सरकारच्या बाजूनं एक बचाव असा केला जातो की राज्यं आणि खाती दिलेले पैसेच खर्च करत नाहीत, मग जास्त देऊन काय उपयोग? यात तथ्य आहे. पण ते अर्धंच आहे. निधी वित्त विभागाच्या संगणकावर अडतो, आधीच्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रांसाठी थांबतो, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम सुटतो. मग जिल्हा परिषदेच्या कार्यालयात ३१ मार्चला रात्री अकरापर्यंत दिवे जळत असतात आणि पैसा पडेल तिथे पडतो. अशा खात्याला खर्चायची अक्कल नाही म्हणणं म्हणजे माणसाला रात्री अकराला जेवायला बोलवायचं आणि त्यानं नीट जेवण केलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचा शिधा कमी करायचा.

दुसरा बचाव, जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो. २,१०० चा विषय निघाला की सत्तापक्षाकडून हेच ऐकवलं जातं. कर्जमाफीचंही तसंच झालं. निवडणुकीत आश्वासन होतं, आणि २८ मार्च २०२५ रोजी बारामतीत अजित पवारांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चच्या आत पीककर्जाचे हप्ते भरायला सांगितलं. आर्थिक स्थिती बघून निर्णय घेऊ, असं ते म्हणाले. निदान स्पष्ट तरी बोलले. पण आर्थिक स्थिती नोव्हेंबरमध्ये वेगळी आणि मार्चमध्ये वेगळी नव्हती. महसुली तूट किती येणार याचा अंदाज वित्त विभागाला तेव्हाही होता. पाच वर्षांची मुदत हवी असेल तर जरूर घ्यावी. मग पहिल्या वर्षी १,६००, दुसऱ्या वर्षी १,७०० असं वेळापत्रक का छापलं नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगानं आचारसंहितेत हेच तर घातलं होतं: आश्वासनामागचा विचार सांगा आणि त्याचा पैसा कुठून येणार हे ढोबळ का होईना सांगा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगानं त्यासाठी पक्षांना ठरावीक तक्ताही सुचवला. बहुतेक पक्षांना तो आवडला नाही. जाहीरनाम्यांत तो अजून दिसत नाही.

सर्वांत जड आक्षेप राहिला तो पैशाचा. २०२५-२६ साठी राज्याची महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी अंदाजली गेली, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. अशा वेळी आणखी मागणं म्हणजे बेजबाबदारपणा, असं म्हणणाऱ्याला मी हसण्यावारी नेणार नाही. मात्र त्याला दोन गोष्टी विचारेन. पहिली, हीच तिजोरी जून २०२४ मध्ये होती आणि निवडणूक चार-पाच महिन्यांवर असताना तिच्यातून ४६ हजार कोटींचा खर्च मान्य झाला. जून २०२५ मध्ये वित्त विभागाच्या शंका बाजूला ठेवून शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींना मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तो रस्ता पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला जाणार आहे आणि वाटेतल्या अनेक शेतकऱ्यांना तो नको आहे. रस्ता चांगला की वाईट हा वाद इथे नको. पण ‘नाही’ हा शब्द तिजोरी प्रत्येकाला सारखाच ऐकवत नाही, एवढं तरी मान्य व्हावं.

दुसरी गोष्ट या राज्याच्या स्वतःच्या इतिहासातली आहे. नोकरदार वाचकानं आपली पगारपत्रिका काढून बघावी. दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये आला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला रस्त्यावर आलेल्या लाखो माणसांसाठी जी रोजगार हमी उभी राहिली, तिच्या पैशासाठी तो लावला गेला. वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, तासगाव तालुक्यात तिचा आधी प्रयोग झाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामासाठी वर्गणी द्यायची आणि तितकीच भर सरकारनं घालायची, असा तो करार होता. आश्वासनाबरोबर कर आला. मजुरानं काम मागितलं की ते द्यावं लागे, कारण मागणाऱ्याच्या हातात कायदा होता आणि देणाऱ्याच्या हातात त्यासाठीच उभारलेला निधी. पुढे कर वसूल होत राहिला आणि कामं आटत गेली, ती कहाणी वेगळी आणि लाजिरवाणी आहे. व्यवसाय कराची वार्षिक मर्यादा १९८८ पासून अडीच हजारांवरच गोठलेली आहे. दरमहा दीड लाख मिळवणाराही २०० देतो, पंधरा हजारवालाही २००. ‘पैसा नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण ही मर्यादा वाढवा असं म्हणायला तयार आहेत? त्यांच्या बिलाची भीती खरी असती तर त्यांनी हा प्रश्न कधीच उचलला असता. आश्वासनाला कर जोडला की आश्वासन महाग होतं, मग नेता ते जपून देतो आणि दिलेलं मोडणं त्याला जड जातं. रेवडीच्या टीकाकारांना आर्थिक शिस्त हवी असेल तर ती इथे आहे. त्यांनी मागायला हवी ती तरतुदीची हमी. ते मागतात घोषणेवर बंदी. आणि ज्या घोषणा मुळात अर्ध्याच पाळल्या जातात त्यांच्यावर बंदी आणून तिजोरीचे वाचणार तरी किती?

किती वाचतात याचा एक नमुना राज्याच्या शाळांत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं ठरवलं की शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं, न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. कुपोषणावर बोलताना प्रत्येक नेता प्रथिनांवर येतो, त्यामुळे निर्णयाचं स्वागत झालं. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयानं अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. अंडा पुलाव द्यायचा असेल किंवा नाचणीच्या सत्त्वात साखर घालायची असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीनं त्यासाठी लोकसहभागातून पैसे उभे करावेत. यातून राज्याचे वर्षाला सुमारे ५० कोटी वाचले. लाडक्या बहिणीच्या ३६ हजार कोटींची रोजची सरासरी जवळजवळ ९९ कोटी पडते, म्हणजे अंड्यांची सगळ्या वर्षाची बचत ही त्या योजनेच्या साधारण अर्ध्या दिवसाची रक्कम. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकसहभाग म्हणजे कोण? समितीच्या बैठकीला येतात त्या बहुतेक आयाच असतात. मुख्याध्यापक वही उघडून अंड्यांची वर्गणी मागतात, तेव्हा त्या पर्स उघडून जी नोट काढतात ती बहुधा त्याच दीड हजारातली असते.